जिप्सीचं दुखणं

काय जी वहिनी, कालची खडखड ऐकली का? कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या पोराची जिप्सी. हो, तीच, मिलिटरीच्या लिलावातली. बापाचा रिटायरमेंटचा पैसा यायची खोटी, पोरानं गाडीत ओतला. रुंद टायर, उंच शॅकल, वरून पाट्यात एकेक पान जास्तीचं. रस्त्यात उभी केली की माणसं वळून पाहतात, पण आत बसून बघा! त्याची आई आसिफाबाद, वांकिडी करत राजुऱ्याला लग्नाला गेली, ती कंबर धरूनच उतरली. अन् कोळशाचा टिपर बाजूनं गेला की गाडी हातभर डावीकडं. खड्डा लागला तर स्टिअरिंग असं थरथरतं की धरवत नाही म्हणे.

दोस्तांनी सांगितलं शॉकअप गेले, यानं चारही नवे टाकले. फरक शून्य. मग कोणी म्हणालं, स्टिअरिंग डँपर लाव. तोही आणला. मंचेरियालला अलाइनमेंट केली, कागदावर सगळं बरोबर! अहो, तिथं फक्त चाकं समोरून आत वळलीत का बाहेर, तेवढंच पाहिलं.

शेवटी आला आमच्या यांच्याकडं. यांची हयात सिंगरेणीच्या वर्कशॉपात गेलेली. हे म्हणाले, डँपर राहू दे डब्यात, आधी खडू आण. टायरवर आडवी रेघ मारली अन् गाडी सपाट रस्त्यावर थोडी चालवून आणायला सांगितली. रेघ मधोमध पुसलेली, दोन्ही कडांना जशीच्या तशी! म्हणजे हवा ठासून भरलेली. गाडी हजार किलोच्या आसपासची, टायर जाड भिंतीचे, उडणार नाही तर काय? थोडी थोडी हवा काढत गेले, रेघ सारखी पुसली जाईपर्यंत. अर्धी आदळआपट तिथंच थांबली बाप्पा, फुकटात.

मग पाटे. जास्तीचं पान ओझं वाहणाऱ्या गाडीला. हा मागं नेतो काय, तर क्रिकेटची बॅट. ते काढलं. अन् शॅकलचे बोल्ट कुणीतरी गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळलेले. रबरी बुश तशीच पिळून बसली, पाटा हलायला मागेना. हे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावरच आवळायचे असतात.

स्टिअरिंगचं मात्र खरं दुखणं निघालं. पुढचं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं: किंगपिनचं बेअरिंग जरा सैल. मग चाकं खाली टेकवून पोराला आत बसवलं, स्टिअरिंग डावं-उजवं करायला सांगितलं, अन् हे खाली चटईवर झोपून एकेका जोडावर बोट ठेवून. एका टाय रॉड एंडपाशी दांडा आधी हलतो अन् चाक मागाहून! डँपर लावला असता तर थरथर दबली असती, जोड तसाच सैल राहिला असता. भर हायवेवर निसटला असता तर? नवा जोड टाकला, बेअरिंगही आवळलं.

तरी गाडी भरकटायची ती भरकटायचीच. ते पाप शॅकलचं. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाटा पुढून खाली झुकतो अन् ॲक्सल माथ्यानं पुढं कलतो. सायकलचा चिमटा वरून मागं कललेला असतो म्हणून ना ती सरळ धावते? तो कलच या पोरानं घालवला. म्हणून वळणावरून स्टिअरिंग आपसूक परत येईना. मूळचे शॅकल लाव म्हटलं तर तोंड पाडलं. उंची जाते ना! मग पाटा अन् ॲक्सलमध्ये पाचर घालून कल परत आणला.

यांनी कान टोचलेच. म्हणाले, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलता येत नाही. अपघात झाला तर विमेवाला पहिले तुझे टायरच पाहील. पोरगं हसलं. त्याच्या आईच्या डोक्यात मात्र ते बसलं, आता रोज त्याच्या मागं लागलीय.

अन् वहिनी, तो डँपर डब्यातच आहे, दुकानवाला परत घेत नाही. तुमच्या चंद्रपूरच्या भाच्याकडं जिप्सी आहे ना? विचारा की जरा. अर्ध्या किमतीत देईल म्हणते या पोराची आई. पण भाच्याला आधी गाडीखाली झोपून पाहायला सांगा हं.