दातृत्वाची स्क्रिप्ट

पाच अक्षरं, आडवी रेघ, पुन्हा पाच, पुन्हा रेघ, पुन्हा पाच. स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या व्हिडिओ गेमची किल्ली बहुधा अशी दिसते. देवाने झोपेत बरळलेल्या मंत्रासारखी, कुठल्याच भाषेत न उच्चारता येणारी. एकदा ती कुणाच्या खात्यात भरली, की गेम त्याचा होतो आणि मंत्र कायमचा निकामी. २०१० साली हम्बल बंडल सुरू झालं आणि मनाला येईल ती किंमत मोजून गेमचा गठ्ठा उचलण्याची चटक लोकांना लागली. गठ्ठ्यातला एखादाच गेम हवा असतो. उरलेल्यांपैकी काही आधीच घरात असतात, काही या जन्मी खेळून होणार नसतात. त्यांच्या किल्ल्या मग माणसं वाटून टाकतात.

माझी मावशी हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाऊज पीस ट्रंकेत ठेवी आणि प्रत्येकाच्या घडीत एक चिठ्ठी सारी: कोणाकडून आला. फिरून त्याच घरी जाऊ नये, एवढाच हेतू. किल्ल्या वाटणारे तीच चिठ्ठी स्प्रेडशीटमध्ये ठेवतात. पण मावशीला अर्ज भरावे लागत नसत. स्टीमगिफ्ट्स या सोडतीने गेम वाटायच्या संकेतस्थळावर प्रत्येक गेमसाठी वेगळा गिव्हअवे मांडायचा: गेमचं नाव, सुरू कधी, संपणार कधी, कुठल्या देशांना चालेल, किमान कुठल्या पातळीच्या लोकांना भाग घेता येईल, वर्णन. तिसऱ्या अर्जापर्यंत माणूस कर्ण असतो. दहाव्यापर्यंत त्याचा कारकून झालेला असतो. म्हणून कुणीतरी रात्री जागून स्क्रिप्ट लिहितो. यादी टाकायची, कळ दाबायची. मग देणारा घोरत असला तरी औदार्य ठरल्या वेळी आपलं आपण बाहेर पडत राहतं.

खरी गंमत पैलतीरावर आहे. भाग घ्यायला पॉइंट लागतात. ते हळूहळू साठतात आणि ४०० च्या पुढे वाढत नाहीत. ते वाया जाऊ नयेत म्हणून काही जणांनी, नियमात बसत नसतानाही, आपोआप भाग घेणारे बॉट लावलेत. इकडचं यंत्र देतं, तिकडचं यंत्र हात पसरतं, सोडत तिसरंच यंत्र काढतं. गेम जाऊन पडतो तो अशा खात्यात, जिथे आधीचेच ढीगभर गेम अजून उघडलेलेही नाहीत. एवढ्या दानधर्मात खेळायला मात्र कुणालाच सवड झालेली नसते.

तरी या लोकांवर रागावता येत नाही. उघड्यावर किल्ली टाकताना काही जण बॉटला चकवायला तिच्यातलं एक अक्षर झाकतात आणि त्या जागी छोटंसं कोडं घालतात. फुकटच्या गेमसाठी एवढी खटपट करणाऱ्याला पलीकडे कुणीतरी जागं असल्याची खूण हवी असणार. मावशीही ब्लाऊज पीस हातात ठेवताना ‘हा रंग तुला खुलेल गं’ म्हणायचीच. तो रंग तिने निवडलेला नसायचा, हे घेणारीलाही ठाऊक असायचं. पण तेवढ्या वाक्याने जुना पीस तिच्यापुरता नवा होई.

तेव्हा नाव, वेळ, देश, किल्ली हे सगळं खुशाल स्क्रिप्टवर सोपवा. वर्णनाचा रकाना तेवढा आपल्या हाताने भरा. ‘दुसऱ्या टप्प्यावरची गुहा चुकवू नका’ एवढं लिहिलं तरी पुरे. आणि कधी जिंकलात, तर निदान अर्धा तास खेळा.