किती दातांचं काम?

आमच्या शहराच्या छावणी भागात गुरुवारी दोन बाजार भरतात. एक मैदानात, जनावरांचा. दुसरा आमच्या माडीवर, लॅपटॉपवर, कामांचा. पहिल्यात शेळ्या, बोकड, म्हशी आणि बैल. दुसऱ्यात पुण्याचे डेव्हलपर, एक टेस्टर, मॅनेजर साहेब आणि मी. पहिला बाजार दिवस मावळायच्या आत उठतो. दुसरा कधी उठेल याचा अंदाज कुणी देत नाही, आणि गंमत म्हणजे तिथं विकायला अंदाजच असतात.

माझा हुद्दा बिझनेस ॲनालिस्ट. गिऱ्हाइकाला काय हवंय ते ऐकायचं, त्याला खरं काय हवंय ते ताडायचं आणि डेव्हलपरला कळेल असं लिहून द्यायचं. गिऱ्हाईक मला विचारतं, "कधी मिळेल?" डेव्हलपर विचारतो, "हे कधी ठरलं?" खालच्या बाजारात अशा मधल्या माणसाला दलाल म्हणतात आणि त्याला सौद्यामागे पैसे सुटतात. मला दोन्हीकडून मेल येतात.

अंदाज काढण्यासाठी ॲजाइल पद्धतीने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पत्त्यांचा एक खेळ काढलाय. नाव प्लॅनिंग पोकर. जेम्स ग्रेनिंग यांनी तो २००२ मध्ये मांडला आणि माइक कोन यांनी पुस्तक लिहून जगभर पोहोचवला. मी काम वाचून दाखवायचं, प्रत्येकाने मनाशी आकडा धरून पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. पत्त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ आणि पुढे थेट २०, ४०, १००. काम मोठं झालं की ते चौदा की पंधरा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, म्हणून मधले आकडे ठेवलेलेच नाहीत. एका पत्त्यावर प्रश्नचिन्ह असतं आणि एकावर कॉफीचा कप. आमचे पत्ते स्क्रीनवरचे आहेत म्हणून बरं, नाहीतर कपाचा पत्ता केव्हाच झिजला असता.

पत्ता पालथा ठेवण्यामागे शहाणपण आहे. आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ डेव्हलपरने घसा खाकरून "दोनचं काम आहे" म्हटलं की बाकीचे आकडे मुकाट्याने दोनाच्या वळचणीला येऊन बसतात. जनावरांच्या बाजाराला हे फार आधी उमगलंय. जुन्या चालीचे व्यापारी रुमालाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि शेजारी उभा असलेला तिसरा माणूस नुसता रुमाल हललेला बघतो. त्यांचा रुमाल, आमचा पालथा पत्ता. फरक एवढाच, की त्यांच्याकडे सौदा ठरला की रोकडा मोजतात. आमच्याकडे सौदा ठरला की पुढची मीटिंग ठरते.

शिवाय दोन्ही बाजार एकाच वारी असल्यामुळे ते एकमेकांत मिसळतात. मी म्यूट काढला की आधी बोकड बोलतो. एकदा आकड्यावरून सगळे एकमताला आले असताना रस्त्यावरून एक दणदणीत "बें" आलं. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

परवाचं काम दिसायला गोगलगाय होतं. ग्राहकाला पावती मराठीतून मिळावी, बस्स. पत्ते उलटले. ज्येष्ठांचा ३, त्यांच्या मागे आणखी दोन ३, आणि टेस्टर पोरीचा एकटीचा १३. खेळाचा नियम असा की सगळ्यांत कमीवाल्याने आणि सगळ्यांत जास्तवाल्याने आपली बाजू मांडायची. ज्येष्ठ म्हणाले, "नुसते शब्द बदलायचेत." ती म्हणाली, "सर, पीडीएफमध्ये रफार जागेवर राहतो का ते बघितलं? आकडे देवनागरी की इंग्रजी? स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने की मिलियनच्या? आणि खाली 'रक्कम अक्षरी' आहे. तिथं काय करणार?"

सगळे गप्प. इंग्रजीत नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे आकडे लिहायला पंचवीस-तीस शब्द पुरतात, बाकी जोडकाम. मराठीत एकोणसाठ वेगळा, एकोणसत्तर वेगळा, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, प्रत्येकाची चूल निराळी. शंभरपर्यंतची पूर्ण यादी हाताने भरावी लागते. आणि ती शुद्ध लिहू शकणारा आमच्या टीममध्ये एकही नव्हता, कारण सगळ्यांचं गणित इंग्रजी माध्यमातून झालेलं.

मीटिंग संपल्यावर खाली आलो. आमच्या गल्लीतले चाचा बाजार आटोपून ओट्यावर बसले होते. उभी हयात जनावरांच्या दलालीत गेलेली. "क्या बेटा, आज बहुत झगड़े?" त्यांनी विचारलं. पावतीची हकीकत त्यांना समजेल तशी सांगितली. चाचांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, "दाँत देखे बगैर रुमाल में हाथ कायकू डाले?"

अंदाजावरची जाडजूड पुस्तकं जिथं पोचायला अडीचशे पानं घेतात, तिथं चाचा एका सुपारीत पोचले होते. बैलाची जन्मतारीख कुणाकडे नसते. विकणारा म्हणतो, "अजून पोर आहे," आणि बैल काही खुलासा करत नाही. म्हणून घेणारा त्याचा खालचा ओठ दाबून पुढचे दात बघतो. सगळे दुधाचे असतील तर आदत, दोन पक्के आलेले असतील तर दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती आणि आठही आले की जुळलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच; नवखा माणूस ते शोधायला लागला की त्याचा स्वतःचा भाव तिथंच ठरतो. चौसा म्हणजे किती वर्षं, किती महिने, किती दिवस, हे बाजारात कुणी विचारत नाही. दुशापेक्षा थोराड, जुळलेल्यापेक्षा कोवळा, एवढ्यावर सौदा होतो.

आमच्या पत्त्यांवरच्या आकड्यांना स्टोरी पॉइंट म्हणतात, आणि ते म्हणजे नेमकं हेच. हे काम त्या कामापेक्षा मोठं की लहान, इतकंच सांगायचं. दिवसांचं नाव काढायचं नाही. आणि बिझनेस ॲनालिस्टचं खरं काम ओठ दाबून दात मोजण्याचं. रफार, स्वल्पविराम, रक्कम अक्षरी, हे त्या पावतीचे दात. ते दिसल्यावर तिचे तीन तुकडे केले, तेव्हा कुठे प्रत्येकाचे पत्ते एकमेकांच्या जवळपास यायला लागले.

पण पॉइंट साहेबांच्या हातात पडले की त्यांना पाय फुटतात. "पाच पॉइंट म्हणजे अडीच दिवस धरू." हा हिशेब कुठून आला, ते विचारायचं नाही. मग या टीमचे पॉइंट त्या टीमशी ताडून बघतात. मग कालपर्यंत तीनचं असलेलं काम आज पाचचं होतं, आणि सोने-चांदीच्या भावासारखा पॉइंटही चढत जातो. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या फळीतल्या रॉन जेफ्रीज यांनी तर लिहूनच टाकलंय की स्टोरी पॉइंट कदाचित आपणच काढले असतील, आणि तसं असेल तर आपल्याला त्याचा खेद वाटतो. ज्याने बैल विकला तोच रडतोय म्हटल्यावर घेणाऱ्याने काय करायचं?

तसा चुकलेल्या अंदाजांचा आमच्या गावाला वारसा आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आमच्या शेजारच्या दौलताबादेला हलवायची ठरवली. उद्दिष्ट स्पष्ट, भांडवल भरपूर, मॅनेजर उत्साही. दात मात्र कुणी बघितले नव्हते. काही वर्षांत सगळा गोतावळा परत दिल्लीला. अलीकडचं बघायचं तर शहराच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं तेव्हा खर्चाचा आकडा १६८० कोटी रुपये होता. पुढे तो २७४० कोटींवर गेला. सॉफ्टवेअरच्या अंदाजांचे अभ्यासक बॅरी बोएम यांनी १९८१ मध्येच सांगून ठेवलंय की काम अगदी कल्पनेच्या पातळीवर असताना काढलेला अंदाज चौपटीने इकडे किंवा तिकडे चुकू शकतो. त्या मापाने आमच्या पाण्याचा आकडा अगदीच सभ्य म्हणायचा. दुप्पटसुद्धा झाला नाही! मात्र तिकडे म्हणजे चौथाईवर उतरलेला अंदाज मी अजून पाहिलेला नाही. तो बहुधा वरच्या जबड्यात असावा.

चाचांचं वचन मी टीमला पुरतं शिकवलंय. आता नवं काम आलं की आधी "दात बघू" म्हणतात, मग पत्त्यांना हात घालतात. टेस्टर पोरगी तर सरळ जाहीर करते, "हे जुळलेलं आहे, मी हात घालणार नाही," आणि ज्येष्ठही हल्ली घसा खाकरण्याआधी ओठ उचलून बघतात. ही नवी पद्धत साहेबांच्याही कानावर गेली. ती त्यांना मनापासून आवडली, वरच्या मंडळींना दाखवायला त्यांनी एक्सेलची शीट केली, एका रकान्यात आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला असं सगळं नीट भरलं आणि शेजारचा रकाना मोकळा ठेवून मला विचारलं, "फक्त एवढं सांग, दुसा म्हणजे किती दिवस धरायचे?"