पंतांचं पुण्यास प्रयाण

मुंबई-पुणे प्रवासावर मराठीत लिहायचं कुणी काही बाकी ठेवलेलं नाही. घाट, बोगदे, कर्जतचा वडा, डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधलं आम्लेट, सगळ्यावर लिहून झालंय. पण हा सगळा मजकूर सीटवर बसून गेलेल्यांचा. पॉलिथिनच्या पिशवीत, अंधारात आणि उपाशीपोटी घाट चढलेल्याची बाजू अजून कुणी मांडलेली नाही.

ती बाजू पंतांची. पंत म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा गोल्डफिश, जात ओरांडा. या जातीला वाढत्या वयाबरोबर डोक्यावर मांसल, गुठळीदार वाढ येते. पंतांचं अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर तेवढी लाल पगडी. गिरगावात राहून याने पुण्याची तयारी आधीच करून ठेवली होती, असं आईचं म्हणणं.

बदली माझी झाली, पण वेळापत्रक पंतांच्या सोयीने ठरलं. निघण्याआधी दोन दिवस खाणं बंद. पोटात गेलेलं बाहेर येणार आणि ते पिशवीतल्याच पाण्यात येणार, म्हणून. त्यात नेमकी एकादशी आली, आई खूश झाली. निर्जळी तेवढी पंतांना जमण्यासारखी नव्हती.

सामान न्यायला आलेले हमाल जुन्या टाकीला दोन्हीकडून हात घालून म्हणाले, "पाण्यासकट उचलतो की, साहेब!" दोन फुटी टाकीत पन्नासेक लिटर पाणी, म्हणजे पन्नासेक किलो, वर तळाची वाळू. एवढं वजन हिंदकळत तीन जिने उतरायचं, तर काचेचे सांधे दुसऱ्याच जिन्यावर सुटायचे. सौभाग्यवतींनी नुसतं पाहिलं. हमालांनी हात काढले.

पंतांना बादलीत घालून आम्ही क्रॉफर्ड मार्केट गाठलं. तिथल्या माशांच्या दुकानातल्या पोराने दोन पिशव्या एकात एक घातल्या, एक भाग पाणी आणि दोन भाग जागा ठेवून नळीने ऑक्सिजन सोडला, आणि तोंड पिळून रबर लावलं. मग पिशवी उलटी करून खालचे दोन्ही कोपरेही रबराने बांधले. कोपऱ्यात मासा अडकतो म्हणे. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, वर झाकण. अंधारात मासा शांत राहतो. हा उपाय माणसांच्या डब्यात करता आला, तर रेल्वेची निम्मी भांडणं मिटतील.

पण आमच्या सामानातली मौल्यवान वस्तू पंत नव्हतेच. ती होती जुन्या फिल्टरचा स्पंज. काळा, बुळबुळीत, गाळाने माखलेला बोळा. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि तो साठला की त्याचं त्यालाच विष. स्पंजात वस्तीला असलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे त्याचं पुढे बरंच निरुपद्रवी नायट्रेट. नव्या चकचकीत टाकीत हे कर्मचारी नसतात. नवी भरती व्हायला महिना-दीड महिना लागतो. त्यामुळे स्वच्छ टाकीत मासे मरतात आणि मालक म्हणतो, "काल तर घासली होती हो!" आमचा कर्मचारीवर्ग जुन्याच पाण्यात बुडवून चिवड्याच्या डब्यातून निघाला होता. त्यांनाही हवा लागते, म्हणून झाकण किलकिलं. डबा माझ्या मांडीवर.

गाडीने कल्याण सोडेपर्यंत आसपासचे सगळे हुंगायला लागले होते. समोरच्या पासवाल्या काकांनी खोक्याकडे बोट दाखवलं. "मासळी?"

"पाळलेला आहे," सौभाग्यवती म्हणाल्या.

"मेला असेल हो. वास बघा."

झाकण उघडून पंत दाखवावे लागले. ते ठणठणीत. मग सगळ्यांचं लक्ष चिवड्याच्या डब्याकडे, आणि तिथून माझ्याकडे गेलं. सौभाग्यवती खिडकीबाहेर बघत होत्या. कर्जतला मागून ढकलायची इंजिनं लागली आणि वडा आला. तो मी एकट्यानेच खाल्ला, कारण माझ्या बाजूला कुणी बसलंच नव्हतं.

घाटात मात्र पंतांनी वचपा काढला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. बाहेर हवेचा दाब उतरतो आणि बंद पिशवीतला वायू फुगतो. खंडाळ्याला बघतो तर पिशवी तबल्यासारखी ताठ! "फुटणार!" म्हणून काका थेट दाराकडे निघाले. फुटली काही नाही. पोराने वर थोडी सैल जागा ठेवली होती. घाट त्याला ठाऊक असावा.

पुण्यात जानेवारीची थंडी. नवी तीन फुटी टाकी आदल्या दिवशीच भरून, हायपो टाकून नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारून ठेवलेली. बंद पिशवी टाकीत वीसेक मिनिटं तरंगत ठेवली, तापमान जुळावं म्हणून. तोवर शेजारी जमले, कुणी खुर्च्याही आणल्या. पिशवी उघडल्यावर एक आजोबा म्हणाले, "आता तासभर राहू द्या, घाई नको." सौभाग्यवती म्हणाल्या, "आता राहून चालणार नाही." बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने पाणी आंबट झालेलं असतं आणि त्यात अमोनिया दबून असतो. उघडली की तो वायू उडतो आणि अमोनिया डोकं वर काढतो. म्हणून थोडं थोडं नवं पाणी पिशवीत ओतलं आणि पंतांना जाळीत धरून टाकीत सोडलं. पिशवीतलं पाणी टाकीत नाही, कुंडीत. दिवा बंद. जेवण उद्या.

स्पंज नव्या फिल्टरमध्ये विराजमान झाला, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "उद्या वरची टाकी धुणार, ब्लीचिंग पडेल. आज पाणी भरून ठेवा."

घरात होती नव्हती ती बादली, पातेली, कुकरसुद्धा भरला. सगळं पंतांच्या नावाने. सकाळचा चहा आम्ही ब्लीचिंगच्या पाण्याचा प्यायलो. हायपो घालू का, असं आईने विचारलं होतं.