पाव नव्या पैशाचे देणे

मरणोत्तर सद्गुणांची जी सक्तवसुली आपल्याकडे शोकसभांतून केली जाते, तिच्यातून विनोदी माणसाचीही सुटका होत नाही. आम्हां भाच्यांची हसवून हसवून मुरकुंडी वळविणाऱ्या आमच्या थोरल्या मामांना एका वक्त्याने ‘धीरगंभीर व मितभाषी’ ठरविले, आणि मामी पदराने तोंड झाकून हसू दाबीत होत्या त्याला हुंदका समजून तो अधिकच सद्गदित झाला.

मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली (तारखेवरूनच मामांना सरकारच्या हेतूविषयी संशय होता), आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होत असता हाती सहाच पडू लागले, तेव्हा खाऊच्या आण्याऐवजी सहा पैसे आमच्या तळहातावर ठेवून मामा उर्वरित रकमेची रीतसर चिठ्ठी लिहून देत: ‘पाव नवा पैसा देणे बाकी; यथावकाश तजवीज होईल.’ खाली लफ्फेदार सही, आणि मोहोर म्हणून शाईत बुडविलेल्या अर्ध्या सुपारीचा ठसा. चार चिठ्ठ्या जमवून पैसा मागावयास गेलेल्या दावेदाराच्या कपाळी ‘अर्ज मुदतबाह्य’ हा शेरा येई. अपील मामींकडे चाले, व तेथे निकाल लाडवाच्या रूपाने तत्काळ मिळे.

मामा कोणाचे एका पैचेही देणे न ठेवता गेले, असे अध्यक्षांनी ठासून सांगितले, तेव्हा हल्ली हिशेबतपासनीस असलेल्या माझ्या मावसभावाने खिशातून जीर्ण चिठ्ठ्यांची जुडी काढून मोजावयास प्रारंभ केला.