कुरडया आणि शून्य सावली

विज्ञानसंवादाच्या अभ्यासक्रमात आमची पहिली ओळख करून दिली ती एका मयत सिद्धांताशी. जनता म्हणजे रिकामा माठ, तज्ज्ञांनी वरून ज्ञान ओतायचं, असं मानणारं हे ‘अभावाचं प्रतिमान’. ते आता कोणी मानत नाही, हे सरांनी दीड तास एकट्यानेच बोलून पटवलं. प्रश्नांना वेळ उरला नाही.

उदाहरण मात्र झकास होतं. १९८६ साली चेर्नोबिलचं किरणोत्सर्गी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडातल्या कंब्रियाच्या डोंगरांवर उतरलं. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीन आठवड्यांत निवळेल, असं शास्त्रज्ञ म्हणाले. हिशेब चिकणमातीचा होता. डोंगरावरची आम्लधर्मी जमीन ते सीझियम धरून न ठेवता पुन्हा गवताला देत होती. काही शेतांवरची बंदी उठायला २०१२ उजाडलं! ज्यांच्या पायाखाली ती जमीन होती त्या मेंढपाळांचं कोणी ऐकलंच नव्हतं. ते ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने ऐकलं आणि आमच्या परीक्षेला एक हमखास प्रश्न झाला.

प्रकल्पासाठी मी पुण्यातला शून्य सावलीचा दिवस घेतला. १३ मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. सोसायटीच्या फलकावर अक्षांश, क्रांती वगैरे आकृतीसकट लावलं. त्यावर कोणीतरी पाणीकपातीची सूचना डकवली. मग मी एकच ओळ लिहिली : ‘हे दिल्लीत कधीच दिसत नाही.’ अख्खी सोसायटी गच्चीवर! (दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, एवढंच त्यातलं विज्ञान.) शिवाय सूर्य एकच्या आत उरकणार होता.

गच्चीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया साडीवर पसरलेल्या. मी ती साडी जरा सरकवायला वाकलो.

‘‘हात लावू नकोस. आजपासून टाकीची सावली दुपारची दक्षिणेला पडणार, म्हणून या बाजूला घातल्यात. आषाढ सरला की ती पुन्हा इकडे येते, पण तेव्हा कुठलं आलंय वाळवण!’’

माझ्या फलकावरचा सगळा मजकूर एवढ्यात संपला. तेवढ्यात मी उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली शिरली, टाळ्या पडल्या, मंडळी जेवायला पांगली.

‘‘आणि तू हे शिकायला जातोस?’’ काकू म्हणाल्या. ‘‘पगार देतात की फी घेतात?’’

‘‘फी.’’

‘‘मग बस जरा इथं. कावळे हाक, मी जेवून येते.’’