उडवाउडवी

दर वर्षी आठवीच्या प्रत्येक तुकडीत तो असतोच. हजेरीपटावर नाव तेवढं बदलतं. जून-जुलैत तो ओळखू येत नाही. पाढे चोख, अक्षर बरं, वहीला कव्हर. घनमूळ तो इतरांइतकंच चुकवतो. मग बैजिक राशींच्या अवयवांचा धडा येतो आणि धड्याच्या शेवटी गुणोत्तरीय बैजिक राशी. अंशात एक लांबलचक पदावली, छेदात तिच्यासारखीच दिसणारी दुसरी, आणि वर सूचना: सरळ रूप द्या. इथे त्याचा हात शिवशिवू लागतो.

फळ्यावर मी लिहितो, अंशात एक्सवर्ग अधिक ५ एक्स अधिक ६, छेदात एक्सवर्ग अधिक ७ एक्स अधिक १२. बाकीची मुलं सहाचे अवयव शोधायला लागतात. दोन-तीन की सहा-एक? हा पेनाचं टोपण काढतो. वरच्या एक्सवर्गावर एक तिरकी रेघ, खालच्यावर दुसरी. ‘गेला.’ ५ एक्स आणि ७ एक्समधले एक्स समोरासमोर सापडतात, तेही गेले. सहा एके सहा, सहा दुणे बारा. वर उरले ५ आणि १, खाली ७ आणि २. म्हणजे ६ छेद ९. इथे मात्र तो अगदी शास्त्रशुद्ध तीनने भागतो आणि २ छेद ३ लिहून भोवती चौकट आखतो. शेजारचा अजून पहिला कंस उघडतोय.

‘अरे, मध्ये अधिक आहे ना!’ मी म्हणतो. तो मान डोलावतो. अधिकचं चिन्ह त्याला दिसत नाही असं नाही. ते तिथे असण्याला इतकं महत्त्व का द्यायचं, हे त्याला पटत नाही. गुणाकारात जोडलेला अवयव उडतो, बेरजेत बांधलेलं पद एकट्याने उडत नाही, हा नियम तो घडाघडा म्हणून दाखवतो आणि म्हणता म्हणता पुढच्या गणितातला एक्स खोडतो.

एकदा मी अशा एकाला म्हटलं, ‘एक्सला कुठलीही किंमत दे. मूळ राशीतून तुझं २ छेद ३ येतं का, सगळ्यांसमोर करून दाखव.’ तो फळ्याशी आला, थोडा विचार केला आणि एक्स बरोबर २ घेतले. अंशात ४ अधिक १० अधिक ६, वीस. छेदात ४ अधिक १४ अधिक १२, तीस. वीस छेद तीस.

‘आलं, सर.’

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. खरं उत्तर एक्स अधिक २ छेद एक्स अधिक ४. त्याची किंमत २ छेद ३ व्हायला अख्ख्या संख्यारेषेवर एकच जागा आहे, आणि ती नेमकी २. कार्टं थेट तिथे जाऊन बसलं होतं. मी म्हटलं, ‘आता १ घाल.’ तो म्हणाला, ‘तुम्ही कुठलीही म्हणालात ना, सर?’

त्याचं दुसरं लक्षण म्हणजे सगळं उडालं की तो खाली शून्य लिहितो. एक्स अधिक ३ छेद एक्स अधिक ३, सगळं गेलं, उरलं काय? एक कुठून आला, हे त्याला शेवटपर्यंत संशयास्पद वाटतं. ए वजा बी आणि बी वजा ए समोरासमोर आले तरी तो त्यांना बिनदिक्कत उडवतो. उणे एक उरतो म्हटलं तर म्हणतो, ‘तीच दोघं आहेत की, सर, फक्त जागा बदलल्यात.’ बेरीज करताना त्याला लसावि लागत नाही; वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. अर्धं होतंच, त्यात आणखी मिळवून ते अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं, असं विचारलं तर तो क्रिकेटवर येतो. आधी दोन सामने खेळलो, एक जिंकलो. मग तीन खेळलो, एक जिंकलो. एकूण पाच सामने, दोन विजय. सांगा, काय चुकलं? क्रिकेटमध्ये काहीच चुकलं नाही, ही खरी अडचण. फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नव्हे, आणि हे समजावेपर्यंत तास संपतो.

अशा मुलासमोर भास्कराचार्यांचं नाव काढू नये. छेद शून्य असता कामा नये हे ठसवायला मी ‘खहर’ राशीची गोष्ट सांगतो: छेदात शून्य आलेल्या राशीत कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही, असं म्हणून ‘बीजगणिता’त भास्कराचार्यांनी तिला थेट अच्युताची उपमा दिली. मुलं गप्प होतात. पण एक वर्षी याने कुठूनसं ११५० सालच्या ‘लीलावती’तलं गणित पैदा केलं. एक राशी शून्याने गुणली, तिच्यात तिचंच अर्ध मिळवलं, तीनने गुणलं, शून्याने भागलं, तेव्हा ६३ आले, तर राशी कोणती? उत्तर १४. ते येतं कसं? तर गुणाकारातलं शून्य भागाकारातल्या शून्याबरोबर जातं. ‘त्यांनीसुद्धा उडवलंच ना, सर?’ निदान त्यांनी गुणाकारातलं उडवलं, एवढंच मला सुचलं.

दहावी तो सुटतो. दोन चलांच्या समीकरणात एक छेद एक्स बरोबर एम मानायला सांगतात, ही युक्ती त्याला मनापासून आवडते, कारण तिच्यात छेद दिसेनासे होतात. एम काढून तो थांबतो. एक्स काढायचा राहिला, हे निकालानंतर कळतं.

पुढे आयुष्यात त्याचं काही अडत नाही, हे आम्हा गणितवाल्यांना फारसं आवडत नाही. तो हमखास सोसायटीचा खजिनदार होतो. सहलीहून परतताना गाडीतच हिशेब लावतो: ‘तू टोल भरलास, मी नाश्ता दिला, उडालं. यांनी डिझेल टाकलं, त्यांचं घर वाटेत होतं, उडालं.’ नाश्ता दोनशेचा आणि टोल आठशेचा होता, हे घरी जाऊन आठवतं. तोवर कोणी फोन करत नाही. लग्नातल्या आहेराच्या वहीत त्याने अशाच तिरक्या रेघा मारलेल्या असतात. काटेकोर माणसांचे भावांशी खटले चालतात. याचे कोणाशीच चालत नाहीत. घेणंदेणं दोन्हीकडे दिसलं की पुरे, किती ते तो बघत नाही.

परवा त्यातल्याच एकाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. ‘सर, १६ छेद ६४. वरचा ६, खालचा ६ उडवा. १ छेद ४. बरोबर! १९ छेद ९५. नऊ उडवा. १ छेद ५. बरोबर! २६ छेद ६५, तेही बरोबर. तुम्ही विनाकारण माझे मार्क कापलेत.’ खाली हसणारे चेहरे.

तिन्ही उत्तरं खरी आहेत. मी लिहिलं, ‘१३ छेद ३९ करून बघ.’

बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या. मग उत्तर आलं: ‘केलं. १ छेद ९.’ आणि लगेच खाली, ‘सर, तुमचं गणित चुकीचं छापलंय.’