गॅलरीत जंगल कसे वसवावे

साहित्य: एक गॅलरी (वाट्याला आली ती), सहा कुंड्या, घरच्यांची सहनशक्ती आणि दोन नावं: बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन. टास्मानियातल्या या जोडीने १९७८ साली पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर बाग-शेती उभारण्याच्या शास्त्राचं, पहिलं पुस्तक काढलं. नावं पाठ करा. मिरची लागो न लागो, चारचौघांत ती टाकता येतात.

होल्मग्रेनच्या बारा तत्त्वांतलं पहिलं म्हणजे आधी निरीक्षण, मग हात घालणं. आळशी माणसाला इतकं मानवणारं शास्त्र दुसरं नसेल. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, वारा कोणती कुंडी पाडतो, हे खुर्ची टाकून बघत बसायचं. ‘‘नुसते काय बसलात?’’ असं कुणी विचारलं, तर ‘‘ऊन मोजतोय’’ म्हणावं. आपल्याकडे प्रयोग परिवारवाले श्री. अ. दाभोलकरही उन्हाचा हिशेब मांडायला लावत. मी मांडला. टोमॅटोला रोज सहा तास तरी ऊन हवं. आमच्याकडे येतं अडीच तास, आणि तेही आधी दोरीवरच्या चादरी खातात.

आता परिसराची विभागणी. घर म्हणजे शून्य क्रमांक. रोज हात लागतो ते जवळ, म्हणजे कढीपत्ता, पानओवा, गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशी. पाचवा विभाग मात्र निसर्गावर सोडायचा, तिथे माणसाने ढवळाढवळ करायची नाही. आमचा पाचवा विभाग एसीच्या बाहेरच्या डब्यामागे आहे. तिथे कबुतरांचं राज्य आहे आणि ढवळाढवळ करायची आमची छाती नाही.

खताच्या बाबतीत मात्र विनोद नको. ओला कचरा एक वाटी, तर सुका पाला दोन-तीन वाट्या. पाला कमी पडला की डबा आंबूस घमघमतो आणि घरात चिलटं नांदायला येतात. म्हणून पहाटे पोतं घेऊन पाला गोळा करायला खाली उतरावं.

‘‘कचरा टाकायला चाललात का, साहेब?’’ वॉचमनमामांनी विचारलं.

‘‘नाही मामा, आणायला.’’

त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा हळू आवाजात, सांभाळून बोलतात.

कीड पडली तर घाबरू नये. मॉलिसनचं म्हणणं असं, की गोगलगायी जास्त झालेल्या नसतात, बदकं कमी पडलेली असतात. हा विचार मी सोसायटीच्या सभेत मांडला. इतिवृत्तात तो ‘इतर विषय’ या सदराखालीही आला नाही. पिठ्या ढेकणांवर मग मुकाट्याने साबणाचं पाणी मारलं.

शेवटी उत्पन्न. मिरच्या चार आल्या, टोमॅटो एकही नाही. अळू मात्र तांदूळ धुतलेल्या पाण्यावर, अर्धवट सावलीत, कुणी न सांगता माजलं. वाढावा वाटून टाकावा, असंही हे शास्त्र सांगतं. त्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात मजल्यावर वाटलं, दुसऱ्या आठवड्यात इमारतीत. तिसऱ्या आठवड्यात बेल वाजवली की आतला टीव्ही बंद व्हायला लागला.

फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डबा परत पाठवला, रिकामा नाही, वड्या घालून. झाकणाला चिठ्ठी होती: ‘‘पुढच्या खेपेला पानांबरोबर चिंचही पाठवा. यांचा घसा कालपासून खवखवतोय.’’